पावत्यांचा डबा आधी खाली काढा

प्रिय ताई,

कराडजवळच्या एका गावात गेली नऊ वर्षं माझा मसाले, मेतकूट, भाजणी आणि दिवाळीच्या फराळाचा घरगुती व्यवसाय आहे. चार बायका कामाला आहेत. पाच वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने इन्स्टाग्रामवर आमचं पान काढून दिलं आणि तेव्हापासून एक पैसा न घेता तोच ते सांभाळतो. आज त्यावर ३८ हजार लोक आहेत. चारातल्या तीन ऑर्डरी तिथूनच येतात.

बारा दिवसांपूर्वी त्याला मेसेज आला: 'तुमच्या व्हिडिओत कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत खुलासा करा, नाहीतर खातं बंद होईल.' घाबरून त्याने लिंक उघडली, पासवर्ड टाकला, आलेला ओटीपीही टाकला. दहा मिनिटांत खातं हातातून गेलं. चोराने आमच्याच चकल्यांच्या फोटोवर 'आगाऊ पैसे भरा, ३० टक्के सूट' असं लिहिलं. आतापर्यंत १७ जणांचे मिळून २६,३५० रुपये गेल्याचं कळलंय.

त्यातल्या एका बाईंनी पुण्याच्या एका फेसबुक ग्रुपवर 'हे लोक चोर आहेत' असं लिहिलं. पुतण्या तिथे जाऊन भांडला, त्याने ते आणखी पसरलं. आमचे हे म्हणतात, त्या बाईंना वकिलाची नोटीस पाठवू. एक माणूस १५ हजारांत खातं परत मिळवून देतो म्हणतोय. ह्यांनी पुतण्याला सगळ्यांदेखत नको नको ते बोलून घेतलं, त्या दिवसापासून जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत.

दिवाळी पाच आठवड्यांवर आली. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर सगळे त्या खात्याच्या मेसेजमध्येच होते. माझ्याकडे फक्त माळ्यावर कुरिअरच्या पावत्यांचा एक डबा आहे. हे सोशल मीडियाचं सगळं बंदच करून टाकू का? आणि त्या १७ जणांचे पैसे मी द्यायचे का?

— एक गृहउद्योजिका

ताई,

सगळ्यात आधी तो १५ हजारांवाला. त्याला एक रुपयाही देऊ नका आणि त्याच्याशी बोलणं आजच थांबवा. खातं गेल्याचं कुठे लिहिलं की 'मी काढून देतो' म्हणणारे तासाभरात गोळा होतात. आधी थोडे पैसे मागतात, मग सॉफ्टवेअरचे म्हणून, मग फाइल अडकली म्हणून. ज्याने खातं पळवलं त्याचाच हा दुसरा फेरा असू शकतो. खातं परत देणं फक्त इन्स्टाग्रामच्या हातात आहे आणि त्यासाठी ते पैसे घेत नाहीत.

पुतण्याला त्याचा जुना ईमेल नीट चाळायला सांगा, स्पॅममध्येसुद्धा. चोराने खात्याचा ईमेल बदलला तेव्हा जुन्या पत्त्यावर इन्स्टाग्रामने तसं कळवलेलं असतं आणि 'हा बदल मी केला नाही' असं सांगायची सोय त्याच पत्रात असते. इतक्या दिवसांनी ती चालली नाही, तर 'इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड' हे पान ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करून उघडा. कुणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. तिथे ओळख पटवावी लागते. खात्यावर खातेदाराचे स्वतःचे फोटो असतील तर चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ मागतात आणि तो जुन्या फोटोंशी ताडून पाहतात. तुमच्या पानावर नुसत्या चकल्या आणि करंज्याच असतील तर हा मार्ग बंद. मग खातं काढताना वापरलेला ईमेल, फोन नंबर आणि कुठल्या प्रकारच्या मोबाइलवरून ते काढलं, ही माहिती द्यावी लागेल. ती आठवून कागदावर लिहून ठेवा. पहिल्या खेपेला नकार आला तरी पुन्हा अर्ज करा. आणि पुढे कधीतरी तुम्ही आणि तुमच्या चौघीजणी भाजणी भाजताना दिसाल असे चार फोटो त्या पानावर जरूर टाका.

हे चालू असताना दुसरीकडे पैशांची तक्रार. पैसे गिऱ्हाइकांच्या खात्यातून गेलेत, त्यामुळे ती तक्रार त्यांनीच करायची आहे: १९३० या क्रमांकावर फोन करून, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. यूपीआयच्या पावतीवर १२ आकडी व्यवहार क्रमांक असतो, तो हाताशी ठेवायला सांगा. तो क्रमांक मिळाला की पैसे ज्या बँकेत गेले तिथे कळवलं जातं आणि ते अजून खात्यात असतील तर गोठवता येतात. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, तासाभरात पुढच्या खात्यात ढकलतो, म्हणून पहिल्या काही तासांचं मोल फार. तुमचे बारा दिवस गेलेत. पैसे परत येतीलच असं मी तुम्हाला सांगणार नाही. तरी सतराही जणांनी तक्रार करायला हवी, कारण तेच खातं अनेक तक्रारींत दिसलं की पोलिसांना धागा जुळवता येतो.

तुमची तक्रार वेगळी. साताऱ्याच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी द्या. दुसऱ्याची ओळख, पासवर्ड वापरणं आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाच्या मदतीने फसवणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क आणि ६६ ड कलमांखाली गुन्हे आहेत, तीन वर्षांपर्यंत कैदेचे. चोर सापडेल न सापडेल, पण पोलिसांची पोच हा तुमच्या बाजूने बोलणारा पहिला कागद आहे. उद्या कुणी 'तुम्हीच केलं' म्हणालं तर दाखवायला तो हवा. बारा दिवसांत तुम्ही हे केलेलं पत्रात दिसत नाही. उद्याच जा.

आता तुमचा अवघड प्रश्न. पैसे द्यायचे का?

पैसे तुमच्या खात्यात आले नाहीत, चोरी तिसऱ्याने केली, एवढं उघड आहे. कायद्याने तुमच्यावर काही देणं लागतं का हे वकिलाला विचारा. पण तुमच्या पत्राचा सूर ऐकला तर तुम्हाला झोप लागत नाहीये ती कायद्यापायी नाही. त्या १७ जणांनी कुण्या चोराला पैसे दिले नव्हते, तुम्हाला दिले होते. नाव तुमचं, फोटो तुमचा, आणि नऊ वर्षं तुम्ही पाठवलेल्या डब्यांची चव त्यांच्या जिभेवर. चोराने चोरलं ते हेच.

माझं मत विचारता म्हणून सांगते: रोख देऊ नका, फराळ द्या. ज्याचे जेवढे गेले तेवढ्या किमतीचा, तुमच्या नेहमीच्या दराने. चोराने सांगितलेल्या सवलतीच्या दराने द्यायला गेलात तर तोच माल ३७ हजारांच्या पुढे जाईल, आणि तो भार तुमच्यावर आणि त्या चार बायकांच्या मजुरीवर पडेल. तेवढं तुम्ही सोसू नये. नेहमीच्या दराने २६ हजारांचा माल द्यायचा म्हणजे तुमच्या खिशातून जाणार ते बेसन, तेल, तूप, साखर, खोबरं, मजुरी आणि कुरिअर. हा हिशोब मांडा आणि झेपत असेल तर दिवाळीआधीच डबे पोचवा. अगदीच झेपत नसेल तर निम्म्या किमतीचा द्या आणि निम्माच का देतोय ते स्पष्ट सांगा. लोक समजून घेतात. गप्प बसलेलं मात्र समजून घेत नाहीत.

पण याची जाहीर घोषणा करू नका. दोन कारणं आहेत. सतराचे बघता बघता सत्तर होतील. आणि त्याहून वाईट म्हणजे, 'पैसे परत मिळणार' असं उघड लिहिलं की तोच चोर किंवा त्याचा भाऊबंद त्या १७ जणांना फोन करील, 'आम्ही अमुक फराळवाले बोलतोय, रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका.' पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे कितीही सांगितलं तरी घाईत माणूस टाकतोच. तेव्हा एकेकाशी फोनवर बोला, तुम्ही स्वतः. व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि १९३० वरच्या तक्रारीचा क्रमांक मागा. खोटे दावे करणारे तिथेच गळतील आणि खरे लोक त्या निमित्ताने तक्रारही करतील.

पुण्याच्या त्या बाईंना नोटीस पाठवायचा विचार डोक्यातून काढून टाका. यजमानांना माझ्या वतीने सांगा, ती बाई तुमची शत्रू नाही, तिचे पैसे गेलेत. तिला काय माहीत खातं कुणाच्या ताब्यात आहे? फसवला गेलेला माणूस ओरडला म्हणून त्याच्यावर वकील सोडला, तर उद्या त्या नोटिशीचाही फोटो त्याच ग्रुपवर येईल, आणि तो फोटो पाहणारे तुमचं म्हणणं वाचायला थांबणार नाहीत.

तिथे तुमच्या नावाने एकच उत्तर लिहा, लहानसं. साधारण असं:

'नमस्कार. या व्यवसायाची मालक मी. तुमचे पैसे गेले याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमचं इन्स्टाग्राम खातं अमुक तारखेला चोरीला गेलं. ती सवलतीची जाहिरात आम्ही टाकलेली नाही, पण ती आमच्या नावावर होती हे खरं. हे आम्ही तुम्हाला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. माझ्या पुतण्याने इथे जे लिहिलं त्याबद्दल माफी मागते. पोलिसांत तक्रार देत आहोत. हा माझा नंबर, मला फोन करा.'

बस. खाली कुणी काहीही लिहिलं तरी दुसरं उत्तर नाही. 'त्याच दिवशी कळवायला हवं होतं' ही ओळ मुद्दाम घातलीय, ती गाळू नका. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेत डॉमिनोजच्या एका शाखेतल्या दोन कर्मचाऱ्यांनी खाण्याच्या पदार्थांशी घाणेरडे चाळे करतानाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला होता. आपण बोललो तर जास्त पसरेल या भीतीने एवढी मोठी कंपनी दोन दिवस गप्प राहिली, आणि तेवढ्यात दहा लाखांच्या घरात लोकांनी तो पाहिला. शेवटी कंपनीच्या अध्यक्षांना यूट्यूबवरच येऊन माफी मागावी लागली. त्यांचे दोन दिवस, आपले बारा. आता तेरावा उजाडायच्या आत लिहा.

अशा वेळी कुणाचं म्हणणं ऐकलं जातं याचा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने करोना होतो असा खोटा मेसेज घरोघरी फिरला. सरकारने खुलासे केले, पण महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांना पक्षी खर्चाच्या कितीतरी खाली विकावे लागले, कुणी जिवंत पिल्लं पुरली. माझ्या भावाची पोल्ट्री नव्हती, पण त्याचा शेजारी त्यात बुडाला, म्हणून ते दिवस मला जवळून माहीत आहेत. त्याच वेळी आमच्या बाजारातल्या एका चिकनवाल्याने आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले. त्याच्याकडे वही होती. 'काकू, माझी पोरं रोज खातायत, या आणि बघा,' एवढंच म्हणायचा. धंदा त्याचाही खाली आला, पण दुकानाचं शटर एक दिवसही पडलं नाही. ज्या मोबाइलवर तो मेसेज आला त्याच मोबाइलवर त्याचा फोन येत होता, आणि तो आवाज ओळखीचा होता.

पुतण्याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण मला वाटतं या सगळ्यात सर्वांत मोठं नुकसान तिथे होतंय.

पोराची चूक झाली. पण नावाची अशी चोरी मोठमोठ्यांनाही नडलीय. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने महिना आठ डॉलरला, खातं खरं असल्याची मानली जाणारी निळी खूण विकायला काढली, तेव्हा कुणीतरी एली लिली या औषध कंपनीच्या नावाने खातं काढून 'इन्सुलिन आता मोफत' असं लिहून टाकलं. कंपनीला लोकांची माफी मागत खुलासा करावा लागला आणि दुसऱ्या दिवशी तिचा शेअर घसरला. तिथे तर पासवर्डही कुणी दिला नव्हता. तुमच्या पोराला जो मेसेज आला तो घाबरवण्यासाठीच रचलेला असतो: भंग, खुलासा, २४ तास. घाईत टाकलंत की फसलात. इन्स्टाग्राम खात्याच्या तक्रारी मेसेजपेटीत पाठवत नाही, त्यांचे खरे ईमेल ॲपच्या सेटिंगमध्ये वेगळ्या यादीत दिसतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हालाही नव्हतं.

आणि खरी चूक त्या दहा मिनिटांच्या आधीची आहे, ती घरातल्या मोठ्यांची. नऊ वर्षांचा व्यवसाय, चार घरांची चूल, आणि त्या सगळ्याची किल्ली एका मुलाच्या खिशात, त्याच्या खासगी नंबरवर, दुसरी प्रत नाही. उद्या त्याला हिंजवडीला नोकरी लागली असती, त्याचा मोबाइल एसटीत हरवला असता, किंवा तो नुसता आजारी पडला असता, तरी तुम्ही आज जिथे आहात तिथेच असता. त्याच्या कामाला तुम्ही कधी काम म्हटलं नाहीत. पगार नाही, म्हणून नियमही नाहीत.

यजमानांनी त्याला सगळ्यांदेखत बोललं, तर मागे घेणंही सगळ्यांदेखतच व्हायला हवं. ते त्यांच्याकडून करून घेणं तुमच्याकडे लागलं. आणि जाऊबाईंकडे तुम्ही स्वतः जा. यंदाच्या पहिल्या घाण्याच्या चकल्या घेऊन जा आणि सांगा की पान परत आलं किंवा नवं काढलं तर तेही तिचाच मुलगा सांभाळणार, पण या खेपेला दरमहा ठरलेले पैसे घेऊन. ज्याला एकदा चटका बसलाय तो पुढे कुणाहीपेक्षा जास्त जपून राहतो. बाहेरचा मुलगा ठेवलात तर तो तुमचं दुःख शिकायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करील.

त्याच्याबरोबर बसून या गोष्टी मात्र एका दुपारीत करून टाका. व्यवसायासाठी वेगळं सिमकार्ड, तुमच्या नावावर. वेगळा ईमेल. त्या दोन्हींवरच सगळी खाती. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा, शक्यतो असे कोड मोबाइलवरच तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर, आणि खातं अडकलं तर वापरायचे जे कोड मिळतात ते कागदावर उतरवून कपाटात, दागिन्यांच्या डब्यात ठेवा. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावा आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी संगणक जोडलेला नाही ना ते आठवड्याला बघा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीच्या दंडाची पावती म्हणून एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर ती कुणाचीही असो, उघडायची नाही. आणि मेसेजमधल्या लिंकवर पासवर्ड टाकायचा नाही, मेसेज कितीही खरा वाटला तरी. ॲप बंद करायचं, स्वतः उघडायचं, तिथे काही नसेल तर तो मेसेज खोटा.

पैसे घ्यायचं खातंही एकच ठेवा, व्यवसायाच्या नावाचं. यूपीआयने पैसे पाठवताना समोरच्याचं नाव आधी दिसतं. तेव्हा प्रत्येक डब्यावर, प्रत्येक बिलावर छापा: 'आम्ही पैसे फक्त या नावाच्या खात्यावर घेतो. दुसरं नाव दिसलं तर थांबा आणि या नंबरवर फोन करा.' हा कागद तुमच्या त्या १७ जणांच्या घरात आधी पोचला असता, तर त्यातले काही जण नक्की थांबले असते.

बंद करू का, असं विचारलंत. नको. ३८ हजार लोक तुमच्या भाजणीपर्यंत त्या वाटेनेच आले, कराडच्या बाजारपेठेत दुकान टाकून ते आले नसते. पण ते पान तुमचं नाही, हे मनाशी नीट घेतलं पाहिजे. ते भाड्याचं दुकान आहे, आणि असं भाड्याचं की करारपत्र नाही, मालक कधी भेटत नाही, आणि शटर त्याच्या मर्जीने पडतं. २९ जून २०२० च्या रात्री सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणांचं वर्षानुवर्षं जमवलेले प्रेक्षक दुसऱ्या दिवशी नाहीसे झाले. त्यात कुणाचीही चूक नव्हती, पासवर्ड कुणी दिला नव्हता.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्रही मला आठवते. माझी बहीण नवरात्रीच्या नऊ रंगांच्या साड्या व्हॉट्सॲपवर विकते. घटस्थापना तीन दिवसांवर होती आणि रात्री नऊच्या सुमाराला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम बंद पडली, जगभर, सहा तासांच्या आसपास. पहाटेपर्यंत ती मोबाइल हातात धरून बसली होती. कुणाला कुठला रंग पाठवायचा, कुणाचे पैसे आलेत, पत्ता काय, सगळं त्या पेटीत. सकाळी सुरू झालं तेव्हा तिने आधी एक दोनशे पानी वही आणली. आज तिच्याकडे अशा पाच वह्या आहेत.

तुमच्याकडे तर नऊ वर्षांचा डबा आहे, ताई! तुम्ही पत्रात तो 'फक्त' म्हणून लिहिलाय, माझ्या मते तुमच्या सगळ्या व्यवसायात एवढी एकच वस्तू पूर्णपणे तुमची आहे. पावतीवर नाव आहे, पत्ता आहे, पिनकोड आहे, बहुतेक ठिकाणी फोन नंबर आहे. यंत्रातून निघणाऱ्या थर्मल कागदावरच्या जुन्या पावत्या पुसट झाल्या असतील, कार्बनवरच्या हाताने लिहिलेल्या मात्र अजून वाचता येतील. पुसट पावत्यांचा आजच मोबाइलवर फोटो काढा, पुढच्या दिवाळीपर्यंत त्या कोऱ्या होतील. गेल्या दोन वर्षांच्या पावत्या आधी घ्या. वहीत नाव, गाव, नंबर, काय घेतलं, कधी घेतलं, एवढं उतरवा. संध्याकाळी काम संपल्यावर तुमच्या चौघींपैकी जिचं अक्षर चांगलं आहे तिला तास-दोन तासांचे वेगळे पैसे देऊन बसवा. आणि ज्यांनी दर वर्षी घेतलंय त्यांना रोज वीस फोन. ऑर्डर मागायला फोन करू नका. खातं चोरीला गेलंय, तिथे पैसे भरू नका, आमचा नंबर हा, तो मोबाइलमध्ये जतन करा, एवढंच सांगा. ऑर्डर ते आपणहून देतील.

नंबर जतन करायला सांगायचं कारण असं, की व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला, म्हणजे एकदाच लिहून अनेकांना वेगवेगळा पाठवलेला निरोप फक्त ज्यांच्याकडे तुमचा नंबर जतन आहे त्यांनाच जातो. एका यादीत २५६ जण बसतात. ग्रुप काढू नका, ग्रुपमध्ये एकीचा नंबर दुसऱ्या सगळ्यांना दिसतो आणि तिथून तो कुठे जाईल सांगता येत नाही. ही वही तुमच्याकडे ठेव म्हणून आहे. कुठल्याही जाहिरातवाल्याला, 'डेटा द्या, पैसे देतो' म्हणणाऱ्याला ती दाखवायची नाही.

नवं पान लागलंच तर ते काढा, पण त्यावरची प्रत्येक वाट या वहीकडे वळवा. पानावर कुणी नवं आलं की पहिल्या ऑर्डरीलाच नंबर वहीत.

तुम्ही सोबत पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये एक गोष्ट दिसली, ती विचारली नसलीत तरी सांगते. डिंकाच्या लाडवांवर 'मधुमेहींसाठी सुरक्षित' असं लिहिलंय. ते लगेच काढा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे आणि घरगुती व्यवसाय म्हणून सूट नाही. दंडाचं जाऊ द्या, कुणी आजोबा त्या भरवशावर चार लाडू खातील. रील्सखाली सिनेमाची गाणी लावलीत तीही थांबवा, व्यवसायासाठी गाणं वापरायला परवाना लागतो. चोराने धाक घातला तो खोटा होता, पण उद्या त्याच कारणाने खरी नोटीस येऊ शकते. आणि त्या दोन खाद्यपदार्थवाल्या मुलींना फुकट डबे पाठवून व्हिडिओ करून घेतलेत, त्यांना 'जाहिरात' असं स्पष्ट लिहायला सांगा, तसा नियम आहे.

नाव नोंदवून घ्यायचंही मनावर घ्या. ट्रेडमार्कचा अर्ज घरबसल्या होतो, लहान उद्योगाला एका वर्गासाठी, म्हणजे मालाच्या एका प्रकारासाठी, सरकारी शुल्क ४,५०० रुपये. मसाले आणि फराळ बहुतेक ३० व्या वर्गात येतात. तुमच्या नावाने कुणी खोटं पान काढलं तर ते उतरवायला सांगताना हा कागद फार उपयोगी पडतो. पण हे दिवाळीनंतर.

आज रात्री डबा खाली काढा. उद्या सकाळी साताऱ्याला जाऊन तक्रार द्या, जाताना यजमानांना आणि पुतण्याला दोघांनाही बरोबर घ्या, एकाच गाडीत. दुपारी परत आलात की त्या १७ जणांना फोन सुरू करा. पहिला फोन पुण्याच्या त्या बाईंना.